शून्य सावली दिवस सुट्टीत येतो. मग सावलीचे प्रयोगपत्रक कशाभोवती रचावे?

प्रश्न (प्रयोगवही)
नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळांतील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी सावलीवरचे एक प्रयोगपत्रक आणि सोबत शिक्षकांसाठी टिपण आमचा छोटा गट तयार करत आहे. शून्य सावली दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, केंद्रस्थानी ठेवायचे ठरले होते. परंतु पुण्यात तो मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे ऐन सुट्टीत येतो, आणि जुलैमध्ये पुन्हा येतो तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. काठी, दोरी आणि मोजपट्टी यांपलीकडे काहीही लागू नये, अशी आमची अट आहे. दुसरा कोणता दिवस निवडावा आणि टिपणात किती तपशील द्यावा?

उत्तर (भूगोल शिक्षक)
२२ डिसेंबर आणि २१ मार्च यांच्या आसपासचे दिवस घ्यावेत. दोन्ही वेळा शाळा चालू असतात आणि आकाश बहुधा निरभ्र असते. पुण्यात एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची (सूर्य आकाशात सर्वांत उंच असतानाची) सावली डिसेंबरमध्ये सुमारे ९० सेंटीमीटर, तर मार्चमध्ये सुमारे ३३ सेंटीमीटर भरते. हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. मात्र ‘दुपारी बारा वाजता सावली मोजा’ ही सूचना कृपया छापू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून अधिक पश्चिमेस असल्याने, दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने, तेथील मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते. शिवाय पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला अक्ष यांमुळे फेब्रुवारीत ती सुमारे १४ मिनिटे उशिरा, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे लवकर होते. म्हणून बारा ते सव्वा या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून सर्वांत आखूड सावली मुलांनीच शोधावी.

अपेक्षित आकडे विद्यार्थ्यांच्या पत्रकावर नकोत. छापले, तर वहीत हमखास तेच उतरतात. शिक्षकांच्या टिपणात मात्र ते द्यावेत, आणि मोजमाप का चुकते हेही लिहावे: काठी ओळंब्यात नसणे, अंगण उतरते असणे, सावलीचे टोक पुसट दिसणे.

उत्तर (शंकू)
मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फार सावकाश बदलते, त्यामुळे आखूड सावलीवरून उत्तर दिशा नेमकी मिळत नाही. काठीभोवती दोरीने वर्तुळ काढून सकाळी आणि दुपारी सावलीचे टोक त्याला जेथे शिवते, ते दोन बिंदू जोडावेत. ती रेषा पूर्व-पश्चिम होते. शुल्बसूत्रांतली (यज्ञवेदींच्या मोजमापांवरील प्राचीन ग्रंथांतली) ही रीत दोरी-काठीच्या अटीत चपखल बसते.

उत्तर (विदर्भातील एक शिक्षिका)
दोन शाळांची जोडी लावता आली, तर हेच पत्रक पृथ्वीच्या परिघापर्यंत नेता येईल. २१ मार्चच्या सुमारास नागपुरात एक मीटर काठीची सावली साधारण ३९, तर कोल्हापुरात ३० सेंटीमीटर येते. सहावीच्या मुलांना त्रिकोणमिती येत नसली, तरी प्रमाणात आकृती काढून काठी आणि सूर्यकिरण यांमधला कोन कोनमापकाने मोजता येतो; दोन्ही शाळांच्या कोनांतला फरक साधारण साडेचार अंशांचा निघतो. ३६० ला या फरकाने भागून दोन्ही ठिकाणांमधल्या अंतराने गुणले, की परिघ मिळतो. अंतर मात्र रस्त्याचे घेऊ नये. ही शहरे एका रेखावृत्तावर नसल्याने नकाशावरील केवळ उत्तर-दक्षिण अंतर, म्हणजे ५०० किलोमीटरला थोडे कमी, धरावे. कोन मोजताना अर्धा अंश चुकला, तरी परिघात हजारो किलोमीटरांचा फरक पडतो, हे टिपणात आधीच नमूद करावे, म्हणजे ४०,००० किलोमीटर नाही आले म्हणून कोणी आकडे जुळवत बसणार नाही.