परत आलेल्या अलुसींना पुन्हा रंग लावावा का?

ओंडका: २९ जून २०२० ला पॅरिसमध्ये क्रिस्टीज या लिलावघराने नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या देवतांच्या, म्हणजे अलुसींच्या, लाकडी मूर्तींची जोडी २,१२,५०० यूरोंना विकली. १९६७-७० च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियातल्या यादवीत, त्या लुटल्या गेल्या, असा कलेतिहासकार चिका ओकेके-अगुलू यांचा आक्षेप. व्यवहार कायदेशीर, असं क्रिस्टीजचं म्हणणं. अशा मूर्ती परत मिळाल्या तर काचेत नकोत, देवाच्या ठाण्यावर उभ्या करून रंगवा. वार्षिक उत्सवात त्यांना बाहेर काढायचं, रंग नवा करायचा, कापड नेसवायचं, ही तिथली रीत. सुटलेल्या पापुद्र्यांना आपण जुनेपणाचं सौंदर्य म्हणतो. भक्ताला ती हेळसांड वाटणार.

खडू: अजिबात पटत नाही. त्यांचा पांढरा रंग म्हणजे न्झू, पाण्यात कालवलेली चिकणमाती. धरून ठेवणारं द्रव्य त्यात फारसं नसतंच. जुन्यावर ओला थर दिला की खालचा फुगतो, वरचा वाळताना आकसतो आणि दोन्ही मिळून सुटतात. मूर्तीचा इतिहास त्या थरांतच आहे: पांढरा, काजळी, उहिएचा, म्हणजे लाल लाकडाच्या भुकटीचा, लाल, परत पांढरा.

ओंडका: मग जुना थर आधी बसवून घ्या. पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचं २ टक्क्यांचं द्रावण, बारीक कुंचल्याने, फक्त उठलेल्या कडांखाली.

खडू: दोनचे पाच टक्के झाले की पांढरा काळवंडतो, चकाकतो, आणि नवा न्झू त्यावर धरत नाही. शिवाय मला रंगाहून हातांची काळजी जास्त. मूर्ती एकाच ओंडक्यातली असली की लाकडाचे तंतू उभे, आणि कोपरापासून पुढे आलेला हात त्यांना आडवा. तिथे तंतू आखूड, जरा धक्का लागला की तुकडा हातात. त्यात पन्नास वर्षं युरोपातल्या कोरड्या, तापवलेल्या खोलीत आकसलेलं लाकूड एकदम दमट हवेत नेलंत तर रंगाचे पापुद्रे आधी उडतील.

ओंडका: एकदम नेऊ नका, महिनोन्महिने हळूहळू ओलावा वाढवा. पायांखाली दगड द्या, वाळवी तिथूनच चढते. मिरवणुकीत हवी तर नवी मूर्ती कोरा, जुनी ठाण्यावरच राहू द्या. पण कुंचला कोणाच्या हाती द्यायचा, हे गाव ठरवेल.

वाळवी: कोणतं गाव? विक्रीच्या कागदांवर बऱ्याचदा 'इग्बो, नायजेरिया' एवढंच असतं. कोरणीच्या धाटणीवरून प्रदेश कळतो, ठाणं नाही. आधी ते शोधा, न्झू कालवायचं नंतर बघू.