मदत हवी आहे: रिचर्ड विटिंग्टन लंडनचा महापौर तीनदा झाला की चारदा?

मध्ययुगीन लंडनचा व्यापारी विटिंग्टन याच्यावर मराठीत छोटा चरित्रलेख लिहायचा आहे. महापौरपद कुठे तीनदा सांगितले आहे, तर कुठे चारदा. त्याने राजांना दिलेल्या कर्जांचे आकडेही जुळत नाहीत. आणि गरीब पोर मांजरामुळे श्रीमंत झाले, ही त्याची लोककथा घ्यावी का?

प्रतिसाद १
'एकदा नेमणूक, तीनदा निवड' असे लिहा. जून १३९७मध्ये महापौर ॲडम बॅम पदावर असतानाच वारला. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने निवडणूक न घेता विटिंग्टनला त्या जागी बसवले. त्याच ऑक्टोबरात शहराने त्याला रीतसर निवडले, पुढे १४०६ आणि १४१९मध्ये पुन्हा. नेमणूक गाळली की तीन, धरली की चार.

ती गाळू मात्र नका, सगळ्या चरित्राचा गाभा तिथेच आहे. १३९२मध्ये राजाने लंडनचे स्वतःचा कारभार चालवण्याचे हक्क काढून घेतले होते. १३९७मध्ये विटिंग्टनने बोलणी केली आणि शहराने १०,००० पौंड मोजून हक्क पक्के करून घेतले. राजा त्याचे ऐकायचा, कारण तो राजवाड्याला उंची कापड पुरवणारा मर्सर, म्हणजे कापडव्यापारी होता: १३९२ ते १३९४ या काळात सुमारे ३,५०० पौंडांचा माल. नगरसेवक, आल्डरमन (शहराच्या एका प्रभागाचा प्रमुख), १३९३मध्ये शेरीफ (कायदा-सुव्यवस्थेचा अधिकारी), या पायऱ्या तो आधी चढला होता.

मांजर चरित्रात नको. ती गोष्ट सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली. विटिंग्टन गरीब पोर नव्हताच: त्याचा बाप सर विल्यम हा ग्लॉस्टरशायरमधल्या पाँटलीचा जमीनदार. रिचर्ड धाकटा, जमीन थोरल्याकडे जाणार, म्हणून तो व्यापारात आला.

प्रतिसाद २
कर्जाचे आकडे चुकतात ते 'मार्क'मुळे. मार्क हे नाणे नव्हते, हिशेबाचे माप होते: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. १,००० मार्कांचे ६६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होतात. मूळ नोंदीत एकक कोणते आहे ते आधी पाहा. तारखांचेही तसेच: तेव्हा इंग्लंडचे वर्ष २५ मार्चला बदलायचे, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदींत साल एकाने मागे दिसते. मृत्यू मार्च १४२३चा आहे, तिथे विशेष जपा.

मूलबाळ नसल्याने सारी संपत्ती लोककार्याला गेली. न्यूगेट तुरुंगाची पुनर्बांधणी, गिल्डहॉलचे (नगरसभागृहाचे) ग्रंथालय आणि निराधारांसाठीचा आश्रम हे त्यातूनच झाले. त्या आश्रमाचा कारभार आजही मर्सर्स कंपनीकडे, म्हणजे कापडव्यापाऱ्यांच्या जुन्या संघाकडे आहे. लेखात सहसा सुटते ते थेम्सकाठचे सार्वजनिक शौचालय: पुरुषांसाठी ६४ आणि स्त्रियांसाठी ६४ बैठका, भरतीच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या. तेवढे नक्की घ्या.