मदत हवी आहे: खेळणी बनवण्याच्या मोफत कार्यशाळेत दोन मुलांना एकटीने कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी,

सुट्टीत मुलांसाठी लाकडी खेळणी बनवण्याची मोफत कार्यशाळा आहे. कापून ठेवलेले सुटे भाग, खिळे, गोंद, रंग सगळं तिथेच मिळणार. मुलांनी ठोकाठोकी करून छोटी गाडी बनवायची आणि घरी न्यायची. सोबत मोठं माणूस हवं, एवढीच अट. मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा. दोघांची नावं दिली आहेत आणि त्या दिवशी मी एकटीच असणार आहे.

मुलीची फारशी काळजी नाही. खेळण्याच्या बॅटरीचं झाकणसुद्धा तिला स्वतःच उघडायचं असतं. धाकट्याने मात्र हातोडी अजून हातात धरलेली नाही, आणि मोठा आवाज झाला की तो कानावर हात ठेवून माझ्यामागे लपतो. खोलीभर मुलं एकदम ठोकायला लागल्यावर त्याचं काय होईल?

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. अशा ठिकाणी बरेचदा आईबाबाच काम उरकून टाकतात आणि मूल शेजारी उभं राहून बघतं. मला ते अजिबात नको आहे. चाक वाकडं बसलं तरी चालेल, पण ते त्याने बसवलेलं असावं. मग मी हात कधी घालायचा? अनुभवी पालकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
मी अशा कार्यशाळांमध्ये मदतीला जाते, म्हणून लिहिते. चार वर्षांचं मूल हातोडी चालवू शकतं, फक्त खिळा बोटांनी धरू देऊ नका. कपडे वाळत घालायचा चिमटा घरून न्या. चिमटा आडवा ठेवून त्याच्या तोंडात खिळा उभा धरायचा आणि चिमट्याचं मागचं टोक मुलाने पकडायचं, म्हणजे बोटं हातोडीपासून लांब राहतात. दोन-तीन हलक्या ठोक्यांत खिळा उभा राहिला की चिमटा काढायचा आणि मग जोर लावायचा. हातोडी 200 ग्रॅमच्या आसपासची मागा. लहान मुलाने दांडा हातोडीच्या डोक्याजवळ धरला तर नेम चांगला बसतो. टेबल त्याच्या छातीपर्यंत येत असेल तर सरळ जमिनीवर बसवा, उंचावरच्या लाकडावर त्याचा ठोका तिरका पडणार आणि खिळा वाकणार.

लाकडाच्या कडेला खिळा मारायचा असेल तर खिळ्याहून थोडं बारीक भोक आधी पाडलेलं आहे का बघा, नाहीतर फळी चिरते. भोक नसेल तर ते तुम्ही पाडून द्या. हात घालायची जागा माझ्या मते हीच. वाकलेला खिळा उपटून देणंही तुमचं काम. ठोकणं त्याचं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा मात्र दोघांनाही हवाच, आणि तुम्हालाही.

आवाजासाठी कानांवर बसणारे इअरमफ मिळतात, ते घरी आधी घालून बघू द्या. शक्य तितक्या लवकर पोचा आणि भिंतीकडेची जागा घ्या. सुरुवातीला त्याला सँडपेपर द्या. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचं असतं, त्यात मुलं छान गुंततात आणि तोवर आवाजाची सवय होते.

प्रतिसाद:
दोघांची ठोकाठोकी एकाच वेळी सुरू करू नका, तुमची नजर दोन हातोड्यांवर राहणार नाही. ताई ठोकत असताना धाकटा घासेल, मग अदलाबदल.

गाडी आहे म्हणून सांगतो, चाकाच्या भोकात गोंद किंवा रंग गेला की चाक फिरत नाही. गोंद फक्त आसाच्या टोकाला, आणि चाक व फळी यांच्यात थोडी फट ठेवा. आमच्या मुलाची गाडी घरी आल्यावर जागची हलेना, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. लाकडाचा पांढरा गोंद अर्ध्या तासात धरतो, पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. हे निघायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा, म्हणजे घरी आल्याआल्या शर्यत लागणार नाही. गाडी आडवी नेता येईल असा उघडा खोका सोबत असू द्या, ओला रंग पिशवीला चिकटतो.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! चिमट्याची युक्ती आजच जुन्या फळीवर करून बघते. एकच विचारायचं राहिलं: धाकटा मध्येच "नको" म्हणाला, तर राहिलेले भाग घरी नेऊ देतात का? की तिथेच पूर्ण करावं लागतं?

प्रतिसाद:
आमच्याकडे बहुतेक वेळा देतात. आल्याआल्याच विचारून ठेवा, आणि खिळे मोजून घ्या.