मे महिन्यात संभाजीनगरात एक आठवडा: मैत्रिणी, खरेदी, फिरणं कसं बसवू?

परभणीची_पल्लवी:
नमस्कार मंडळी. लेकरांना सुट्ट्या लागल्यात, रविवारी रेल्वेनं संभाजीनगरला यायलेय, शनिवारी परत. सोबत सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात पण कबूल करत नाहीत), मुलगी १३ ची, मुलगा ९ चा. नवरा येणार नाही, सुट्टी नाही म्हणे. डीएडच्या वेळच्या तीन मैत्रिणी तिथं आहेत, एक सिडको एन-सातला, एक गारखेड्याला, एक वाळूजला, तिघींकडं दोन दोन रात्री राहायचंय नाहीतर जन्मभर ऐकावं लागंल. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, तिला पैठणी द्यायची, बजेट ६ हजार. फिरणं, खाणं, साडी सगळं धरून १५ हजार, त्यावर एक रुपया नाही. माझा प्लॅन: सोमवार अजिंठा, मंगळवार वेरूळ, बुधवार मकबरा आणि पाणचक्की, गुरुवार पैठण, शुक्रवार खरेदी. काही चुकत असंल तर सांगा. कृपया बजेटमध्येच सांगा.

सिडकोकर_अण्णा:
ताई पहिली गोष्ट, मेमध्ये यायचं सुचवलं कुणी? डिसेंबरात या. दुसरी गोष्ट, गाडी करा. सहा दिवस एसी गाडी आणि ड्रायव्हर, डोक्याला ताप नाही. मागच्या वर्षी आमचे पुण्याचे पाहुणे आले होते तेव्हा मी नवीन सात सीटर नुकतीच घेतली होती, सगळ्यांना अजिंठा, वेरूळ, म्हैसमाळ सगळं त्याच गाडीत फिरवलं, एसी मागच्या सीटपर्यंत लागतो. म्हैसमाळ चुकवू नका, मराठवाड्याचं महाबळेश्वर आहे ते.

गुलमंडी_रिटर्न:
अण्णा, ताईंनी १५ हजारात साडी पण धरलीय. आणि मेमधलं म्हैसमाळ म्हणजे वाळलेलं गवत आणि गार पाण्याची बाटली विकणारा माणूस, बस. महाबळेश्वर म्हणे.

सिडकोकर_अण्णा:
संध्याकाळी वारं असतं तिथं. गेल्यावर कळतं.

नाथांच्या_गावची:
पल्लवीताई, वाईट वाटून घेऊ नका पण ६ हजारात पैठणी होत नाही. म्हणजे पैठणी म्हणून मिळंल, हातमागाची मिळणार नाही. आमच्या गल्लीत माग आहेत, पदरावरची एक वीत विणायला पोरीचा अख्खा दिवस जातो, मोर-बांगडी असंल तर त्याहून जास्त, मग ती ६ हजाराला कोण देईल? माझी लग्नातली २२ हजाराची, ते पण बारा वर्षांपूर्वीचे. ओळखायची खूण सोपी: पदर उलटा करून बघा. हातमागाचा मागून पुढून सारखाच दिसतो, पॉवरलूमच्या मागं कापलेले नाहीतर लोंबते धागे दिसतात. सिल्क मार्कचा टॅग बघा. आणि पैठणला या, नाथांचं दर्शन पण होईल.

येवल्याचा_भाचा:
पैठणी घ्यायची तर येवला. पैठणला आता माग उरलेत किती? आमच्या मामाच्या घरात

नाथांच्या_गावची:
नावच पैठणी आहे दादा. येवली नाही.

येवल्याचा_भाचा:
(अर्धवट गेलं होतं) मामाच्या घरात चार माग आहेत, संभाजीनगरहून येवला म्हणजे अडीच तास फक्त. आणि नावाचं म्हणाल तर मोसंबीचं नाव काय मोझांबिकवरून पडलं म्हणतात, मग तिकडं जाता का घ्यायला, जालन्याचीच खाता ना?

जालन्याचा_जावई:
जालन्याच्या मोसंबीला जीआय टॅग आहे बरं का. आणि मे महिना आहे तर केसर घ्या, मराठवाड्याच्या केसरला पण जीआय आहे. देवगडच्या हापूसला लोक दुप्पट पैसे मोजतात आणि वास आला की खूश. मी दरवर्षी दहा पेट्या घेतो, सासुरवाडीच्या झाडाचे असतात.

गुलमंडी_रिटर्न:
सासुरवाडीच्या झाडाचे असतात तर घेतो कशाला म्हणता, उचलतो म्हणा.
पल्लवीताई, महत्त्वाचं कुणीच सांगंना म्हणून सांगतो. मैत्रिणींना आधी फोन करून विचारा, नळ कोणत्या दिवशी येतो. इथं उन्हाळ्यात आठ-आठ दहा-दहा दिवस नळ येत नाही, लोकांच्या आंघोळी मोजून चालल्यात. चार माणसं दोन दिवस राहायची म्हणजे वाळूजपासून सिडकोपर्यंत प्रत्येक घरात ड्रमचा हिशोब बिघडतो. ती तोंडावर म्हणणार नाही. आमच्याकडं मागच्या मेमध्ये बायकोची मावशी आली, दोन्ही वेळा शॉवर, तिसऱ्या दिवशी टँकर मागवला आणि मावशी जाताना म्हणल्या तुमच्याकडं पाण्याला प्रेशर कमी आहे.

आडनाव_सांगत_नाही:
सगळं वाचलं, एकानंही सांगितलं नाही. अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. ताईंनी नेमके तेच दोन दिवस धरलेत.

परभणीची_पल्लवी:
अगं बाई! आख्खा प्लॅनच कुलपाला लागला असता. लई आभार.

बीडचा_वाघ:
हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं. आम्ही दोन वेळा गेलो दोन्ही वेळा मंगळवार निघाला, कारण आमचं दुकान मंगळवारी बंद असतं. गेटवरून कैलासाचा कळस दिसतो का बघत उभे होतो. तिसऱ्यांदा गेलोच नाही.

देवगिरी_दर्शन:
थोडं इतिहासाचं सांगतो म्हणजे नुसतं फोटो काढत फिरणार नाही. हे शहर मुळात खडकी, मलिक अंबरानं १६१० मध्ये वसवलं, आणि त्यानं डोंगरातून नहर आणून शहराला पाणी दिलं. चारशे वर्षांपूर्वी. गुलमंडी साहेबांचं ड्रमाचं वाचून हसावं का रडावं कळंना. पाणचक्कीला जाणार असाल तर नुसतं चक्कीकडं बघून येऊ नका, उन्हाळ्यात चक्कीला पाण्याचा जोर तसाही कमीच असतो. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली खांबांचा दिवाणखाना आहे, त्याचं छत म्हणजे हौदाचा तळ. भर दुपारी तिथं जो गारवा असतो तो कुठल्या कूलरला जमणार नाही. मलिक अंबराची कबर खुलदाबादला आहे, तिकडं कुणी फिरकत नाही. दौलताबादचा किल्ला तर

गुलमंडी_रिटर्न:
किल्ला नको, ६८ वर्षांच्या बाईला मेमध्ये अंधारीतून, त्या काळोख्या भुयारातून, वर चढवता का?

देवगिरी_दर्शन:
वर चढा कुठं म्हणलं मी? खालूनच दाखवा. चांद मिनार १४४५ चा आहे, रस्त्यावरून दिसतो. तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथं आणली तेव्हा लोक चालत आले होते, मे-जून बघून नाही.

वेरूळचा_पोरगा:
ताई मी वेरूळचाच आहे, लहानपणापासून लेण्यात खेळलोय. हिशोब लावून देतो. एसटीनं या, उगं गाडीबिडी करू नका. तुम्हाला आणि मुलीला महिला म्हणून अर्धं तिकीट, सासूबाई तशाही ६५ च्या वर, मुलगा ९ चा म्हणजे त्याचंही अर्धं. चौघांची मिळून दोन तिकिटं. लेण्यात १५ वर्षांखाली फुकट, तुमचं आणि सासूबाईंचं चाळीस-चाळीस, झाले ८० रुपये.

आता ऊन. वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी डोंगराची सावली लेण्यांवर असते, दुपारनंतर ऊन सरळ आत घुसतं. फोटोवाले मुद्दाम चार वाजता येतात कारण कैलासावर तेव्हा उजेड पडतो, तुम्ही मात्र सकाळी उघडल्या उघडल्या या आणि अकराच्या आत बाहेर पडा. ३४ लेणी बघायच्या भानगडीत पडू नका. १६ नंबरचा कैलास नीट बघा, मग १० नंबर, त्याला इथं सुताराची झोपडी म्हणतात, दगडातच लाकडाच्या कड्या कोरल्यात, लेकरांना आत आवाज काढायला लावा, घुमतो. बस. सासूबाईंना जैन लेण्यांपर्यंत ओढू नका. घृष्णेश्वर शेजारीच आहे, लेण्यानंतर करा, आधी केलं तर रांगेतच दहा वाजतात.

अजिंठ्याबद्दल विचारलं नाही तरी सांगतो, मेमध्ये नका जाऊ. शंभर किलोमीटर जाणं, शंभर येणं, फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून त्यांच्या बसनं चार किलोमीटर, मग पायऱ्या. डोली मिळते पण सासूबाई डोलीत बसणाऱ्या वाटत नाहीत. वाघूर नदी कोरडी असते, धबधबा नाही, दगड तापलेला. श्रावणात या, तेव्हा बघा.

सिडकोकर_अण्णा:
आमच्या गाडीत एसी होता त्यामुळं आम्हाला अजिंठ्याला काही जाणवलं नाही.

वेरूळचा_पोरगा:
लेण्यात पण गाडी नेली होती का अण्णा?

शहागंज_शायनिंग:
खरेदीचं मी सांगते. मकबऱ्याच्या बाहेरून हिमरू घेऊ नका. मी तिथून ८५० ची शाल घेतली, घरी आल्यावर माझ्या सासऱ्यांनी कोपऱ्यातला एक धागा काढून काडी लावली, प्लॅस्टिकसारखा गोळा झाला. हिमरू म्हणजे ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा असतो, आता निम्म्या ठिकाणी पॉलिस्टरच हिमरू म्हणून विकतात. माग चालू असलेल्या ठिकाणी जाऊन बघून घ्या. कपडेलत्ते, लग्नाचं किरकोळ सामान, बांगड्या यांच्यासाठी गुलमंडी, टिळकपथ, पैठण गेट, सकाळी अकराला जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि मकबरा संध्याकाळीच, वरच्या चबुतऱ्यावर चपला काढाव्या लागतात. माझा भाचा दुपारी तीनला संगमरवरावर उतरला आणि उड्या मारत परत आला, दोन दिवस तळपायाला लोणी लावलं.

लातूरकर_आहे_मी:
लेकरांसाठी कुणी काही सांगितलं नाही. एमजीएमचं विज्ञान केंद्र आहे, तारांगण, दुपार निघून जाते सावलीत. नाहीतर प्रोझोन मॉलमध्ये एसीत फिरवा, काही घेऊ नका. बाकी खायला आमच्या लातूरसारखं कुठं मिळत नाही हे मान्य करा.

बीडचा_वाघ:
वेरूळला जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, बंद असतं.

कौलखेड्याची_सून:
मी वाळूजला राहते म्हणून एक सांगते. वाळूज शहराच्या त्या टोकाला, सिडको या टोकाला. ताईंनी राहण्याचा क्रम उलटसुलट केला तर रिक्षातच १५ हजार जातील. आधी सिडको आणि गारखेडा उरका, त्यातच मकबरा, पाणचक्की, बाजार. शेवटी वाळूजला या. वाळूजहून साजापूर-शरणापूर रस्त्यानं दौलताबादच्या रस्त्याला लागता येतं, शहरात शिरायचंच नाही. वेरूळ वाळूजच्या मुक्कामातून करा. शनिवार-रविवार नको, दौलताबादच्या दरवाज्यात गाड्या अडकतात, आणि शनिवारी भद्रा मारुतीला पण गर्दी.

नाथांच्या_गावची:
म्हणजे पैठणला येणार नाही का मग?

परभणीची_पल्लवी:
आठ दिवसांनी लिहितेय, परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, निम्मं ऐकलं, निम्मं नाही ऐकलं.

अजिंठा रद्द केलं. पैठण पण रद्द केलं, नाथांच्या गावच्या ताई माफ करा, आषाढीनंतर येते. कौलखेड्याच्या ताईंचा क्रम धरला आणि एकट्या तेवढ्यानं माझे दोन हजार तरी वाचले असतील. शुक्रवारी वाळूजहून वेरूळ. सासूबाईंनी ऐकलं नाही, म्हणल्या देवाच्या दारावरून जाऊन आधी लेणी बघायची का, म्हणून घृष्णेश्वर आधी. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं ना, आमच्या नऊ वर्षांच्या पुरुषानं रांगेतच शर्ट काढला आणि दिवसभर घालायचं नाव नाही. लेण्यात पोचायला साडेदहा. तरी कैलासात सावली होती, वेरूळचा पोरगा म्हणाला तसंच. सासूबाई खालच्या हत्तींच्या रांगेपाशी उभ्या राहिल्या, एका हत्तीची सोंड तुटलीय तिथं हात ठेवून, किती वेळ. मी म्हणलं चला, तर म्हणल्या गुडघे दुखायलेत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं.

गारखेड्याच्या मैत्रिणीकडं रात्री अडीचला नळ आला. गुलमंडी साहेब, तुमचं वाचून आधीच फोन केला होता, ती म्हणली होती ये, पाणी आहे की. काही नव्हतं. दोघी उठलो, ती नळी धरून, मी बादल्या सरकवत, ड्रम, हंडे, कढई, लेकरांच्या पाण्याच्या बाटल्या, शेवटी कुकर. आवाज नको म्हणून कुजबुजत बोलायलो आणि डीएडच्या होस्टेलवर पण अशाच रात्री बादलीला नंबर लावायचो ते आठवून एवढं हसू आलं की तिची सासू उठून आली. या आठवड्यातलं मला सगळ्यात जास्त तेच आठवंल. मकबरा पण छान होता.

साडी. गुलमंडी, पैठण गेट, दोन्ही पालथं घातलं, पदर उलटे करून करून दुकानदार वैतागले. एकजण म्हणला ताई तुम्ही घ्यायला आलात का परीक्षा घ्यायला. जी हातमागाची ती १८ हजाराच्या पुढं, जी ६ हजाराची तिला पण हातमागाचीच म्हणून सांगत होते, ते खोटं बोलणं नाही आवडलं. शेवटी रविवारी परभणीत आमच्या नेहमीच्या दुकानात घेतली. ५,४००, राणी रंग, मोराचा पदर. त्यानं स्वतःहून सांगितलं वहिनी ही पॉवरलूमची आहे, मागून बघू नका. नणंदेला तसंच सांगून देणार.

येवल्याचा_भाचा:
एवढं फिरून परभणीत? मामाला सांगितलं असतं तर ७ हजारात काढून दिली असती.

नाथांच्या_गावची:
७ हजाराची हातमागाची? मामा माग चालवतात का दवाखाना?

जालन्याचा_जावई:
आंबे घेतले का नाही मग?

परभणीची_पल्लवी:
घेतले. सिडकोच्या मैत्रिणीनं एक पेटी दिली, रेल्वेत सासूबाईंनी मांडीवर धरून आणली. हापूस होता.

नवीन_सदस्य_संभाजीनगर:
उशिरा वाचतोय, पण पैठणी घ्यायची असेल तर पैठणलाच जा. आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, लक्षात ठेवा.