लागोपाठच्या दोन क्रूझ वेगवेगळ्या बुक कराव्यात की एकच चौदा रात्रींची? (आईबाबांसाठी मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांनी मुंबईच्या गोदीत ३४ वर्षं नोकरी केली. जहाजं कायम खालून, धक्क्यावरूनच बघितलेली. मागच्या हिवाळ्यात बॅलार्ड पियरहून त्यांना आणि आईला गोव्याच्या छोट्या क्रूझवर नेलं, तर प्राँग्सचं दीपगृह दिसेनासं होईपर्यंत बाबा डेकवरून हलले नाहीत. तेव्हाच आम्ही भावंडांनी ठरवलं की यांना एकदा मोठी सफर घडवायची. येत्या मेमध्ये त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतील.

रोम ते अथेन्स सात रात्री आणि त्याच जहाजाने दुसऱ्या वाटेने परत रोम, सात रात्री. (बंदरं प्रत्यक्षात चिवितावेक्या आणि पिरेयस.) पहिल्या आठवड्यात तुर्कस्तानातलं कुशादासीही आहे. कंपनी हीच सफर एक चौदा रात्रींची म्हणूनही विकते आणि दोन सुट्या-सुट्या सफरी म्हणूनही. सुट्या घेतल्या तर दोघांचे मिळून अठरा हजार वाचतात.

पैसे वाचले तर हवेच आहेत, पण माझा जीव अडकलाय बाबांच्या गुडघ्यात. दोन वर्षांपूर्वी बदललाय. मध्येच केबिन बदलायची, सामान बांधायचं, पिरेयसला उतरून परत रांगेत उभं राहायचं, असं असेल तर ते अठरा हजार मला नकोत. उलट भाऊ म्हणतो, सुट्या घे, आईला पहिल्या आठवड्यात दमल्यासारखं झालं तर दुसरी सोडून देता येईल. एजंट "एकच घ्या, कटकट नको" एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १:
ताई, आम्ही दोन सुट्या घेतल्या होत्या. डिपॉझिट भरण्याआधी दोन्ही बुकिंगला एकच केबिन नंबर मिळतो का ते बघा. मिळाला तर सामानाला हात लावावा लागत नाही. नाही मिळाला तर बॅगा भराव्या लागतात. हँगरवरचे कपडे मात्र केबिनचा माणूस तसेच नव्या केबिनमध्ये नेऊन लावतो. दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्यायला सांगा. मधल्या दिवशी ट्रान्झिटचं कार्ड देतात, म्हणजे नव्या प्रवाशांच्या रांगेत थांबावं लागत नाही. बोटीवरचं बिल पहिल्या सफरीअखेर चुकतं करावं लागतं, वायफाय पुन्हा घ्यावं लागतं आणि सुरक्षेची कवायतही पुन्हा होते.

भावाचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. दुसरी सफर सोडायची तर निघण्याच्या बऱ्याच आधी, शेवटचा हप्ता भरायच्या आत. ऐनवेळी अथेन्सला उतरलात तर कंपनी पैसे परत देत नाही, मग बुकिंग एक असो वा दोन. त्यासाठी विमाच हवा. प्रवास मध्येच सोडावा लागला तर भरपाई देणारा घ्या, आणि त्यात गुडघ्याचं ऑपरेशन, आईचं बीपी, काहीही लपवू नका. सुट्या बुकिंगचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. मुंबईचं विमान रखडून पहिली बोट चुकली, तरी दुसरीवरची तुमची जागा शाबूत राहते.

प्रतिसाद २:
युरोपात ठीक आहे, पण हे वाचून कोणी अलास्काचा बेत करत असेल तर जपून. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज तिथल्या एका बंदरात प्रवासी घेऊन, वाटेत दूरच्या परदेशी बंदराला न लागता, अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात त्यांना कायमचं उतरवू शकत नाही. सिअ‍ॅटल ते कॅनडातलं व्हँकुव्हर चालतं, व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियरही चालतं. पण एकाच जहाजावर दोन्ही लागोपाठ घेतल्या की तो एकच प्रवास धरतात, आणि व्हँकुव्हर 'दूरचं' बंदर ठरत नाही. बुकिंग सुटी असली तरी सुटका नाही.

तुमच्यासाठी एकच: कुशादासी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथून परत आत यायचंय, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच (एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा) मागा आणि विमा सगळ्या दिवसांचा दाखवा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज एजंटकडे बसूनच कंपनीला फोन लावायला सांगितला. लिफ्टजवळची एक केबिन दोन्ही आठवडे मोकळी आहे, उद्या सकाळी धरून ठेवतील. सुट्याच घेतेय. वाचलेल्या पैशांतून चांगला विमा काढेन. आता एकच अडकलंय: व्हिसा इटलीकडे मागायचा की ग्रीसकडे? ज्या देशात मुक्काम जास्त तिथे, हे माहीत आहे. पण समुद्रातल्या रात्री कुठे मोजायच्या? कोणी असा तक्ता करून दिला असेल तर सांगा.