पहारेकरी झोपले होते, हे पटत नाही

वर कोणीतरी लिहिलंय, ‘लाहोरला २७ मे २००९ ला आयएसआयच्या कार्यालयापर्यंत गाडी पोहोचलीच कशी? पहारेकरी झोपले होते का?’ झोपले नव्हते हो. गाडीतून उतरलेल्यांनी आधी गोळीबार केला, पहाऱ्यावरच्यांनी उलट गोळ्या झाडल्या आणि त्या झटापटीतच गाडीतल्या स्फोटकांचा स्फोट झाला. सगळ्यात मोठा तडाखा बसला तो शेजारच्या ‘रेस्क्यू १५’ला. १५ हा तिकडचा पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक. म्हणजे लोकांनी अडचणीत ज्यांना फोन करायचा, त्यांचीच इमारत ढिगारा होऊन पडली! पंचवीसहून जास्त माणसं गेली.

गाड्या अडवायला अडथळा असून उपयोग काय, तर तो इमारतीपासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं. भर शहरात, मॉल रोडसारख्या रस्त्यालगत, लांब म्हणजे किती लांब नेणार? वाहन फाटकावर अडवलं तरी स्फोटाची लाट थोडीच अडते.

खरी ढिलाई शोधायचीच तर त्याच वर्षी १० ऑक्टोबरला रावळपिंडीत लष्कराच्या मुख्यालयात काय झालं ते बघा. हल्लेखोर लष्करी गणवेशात आले, आत घुसून त्यांनी ओलीस धरले, आणि प्रकरण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चाललं. जिवंत सापडलेला म्होरक्या ‘डॉक्टर उस्मान’ हा पूर्वी लष्कराच्याच वैद्यकीय विभागात होता. घरचा भेदी म्हणतात तो असा. आणि गणवेशाची युक्ती तरी नवी कुठे होती? मार्चमध्येच लाहोरजवळच्या मनावाँच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रावरच्या हल्ल्यात ती वापरून झाली होती.