मदत हवी आहे: सर्व्हर बाहेर ओढला की अख्खा रॅक पुढे कलतो

निळीवायर
लवकर उत्तर हवंय, यंत्रणा बंद ठेवायला फक्त रविवारची रात्र मिळाली आहे. नवा २यू (यू म्हणजे रॅकमधलं उंचीचं माप) सर्व्हर रॅकमध्ये, म्हणजे उपकरणं बसवायच्या लोखंडी चौकटीत, चढवला. रेल त्याच कंपनीच्या, नीट बसल्या. मग मेमरी टाकायला सर्व्हर परत बाहेर ओढला तर अख्खा रॅक पुढे आला. मी आणि सहकाऱ्याने कसाबसा धरला. मागून तळाशी वजन बांधलं तर चालेल का? किती किलो?
दुसरं, नवा सर्व्हर खालच्याच्या झाकणाला घासतोय, ओरखडा उठलाय. रेलखाली पातळ वॉशर टाकू का?

रात्रपाळी
कुणाला लागलं नाही ना? आधी ते सांगा.
आणि तोवर त्या रॅकमधलं काहीही बाहेर ओढू नका. रॅक बंद कपाटाचा आहे की उघडी चौकट? दोन खांबांचा की चार? चाकं आहेत का? वरपासून खालपर्यंत काय काय बसवलंय?

जुनाजाणता
सरकत्या रेलच्या भानगडीत पडूच नये या मताचा मी आहे. चारही खांबांना धरणारा मजबूत ट्रे घ्या, त्यावर सर्व्हर ठेवा, विषय संपला. बाहेर ओढताच येत नाही म्हटल्यावर रॅक कलणार कसा? मी वर्षानुवर्षं असंच बसवतोय.

सदाफुली
आजच्या काळात स्वतःचा सर्व्हर हवाच कशाला? आम्ही सगळं क्लाउडवर नेलं. तुमचा वापर किती आहे ते लिहिलंत तर अंदाज सांगते.

निळीवायर
सदाफुली, क्लाउडचं विचारलेलं नाही हो. सर्व्हर आलाय, रविवारी चालू करायचाय.
कुणाला लागलं नाही. रॅक साधाच आहे, चार खांबांचा, २५यू. वॉशरचं कुणी सांगेल का?

रात्रपाळी
जुनाजाणता, ट्रेला विरोध नाही, पण मेमरी टाकायला मग तोच सर्व्हर दोघांनी उचलून ट्रेवरून काढायचा. जागा छातीच्या उंचीवर असेल तर ते रेलपेक्षा जास्त धोक्याचं. शिवाय बाजारात नुसते पुढच्या दोन खांबांना लटकणारे ट्रेही असतात. त्यावर कुणी चुकून सर्व्हर ठेवला तर ट्रे वाकतो.
निळीवायर, "साधाच" म्हणजे? चाकांचं आणि वरपासून खालपर्यंतचं अजून राहिलंय.

जुनाजाणता
चारही खांबांना धरणारा असंच लिहिलं होतं मी. नीट वाचावं ही विनंती.

केजनट
घासण्याचं मी सांगतो. वॉशर अजिबात टाकू नका, रेल खांबाला सपाट टेकायलाच हवी. तुमची रेल एक भोक खाली बसली आहे, बहुतेक एकाच बाजूला किंवा फक्त मागे.
एक यू म्हणजे ४४.४५ मिमी आणि त्यात तीन भोकं. पण ती समान अंतरावर नसतात. एका यूमधल्या तीन भोकांची अंतरं १५.८७५ आणि १५.८७५ मिमी, नंतर पुढच्या यूच्या पहिल्या भोकापर्यंत १२.७ मिमी. म्हणजे जिथे दोन भोकं जवळजवळ दिसतात त्यांच्या बरोबर मध्ये यूची हद्द. रेलचं खालचं टोक त्या हद्दीवर यायला हवं. खांबावर आकडे छापलेले नसतील तर तळापासून मोजून मार्करने खुणा करा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. मागच्या खुणा लोक करत नाहीत आणि तिथेच चुकतं.
केज नट (खांबाच्या चौकोनी भोकात कानांनी अडकणारा नट) लावत असाल तर त्याचे कान आडवे, डावी-उजवीकडे धरतील असे बसवा.

जुनाजाणता
केज नट मी कायम उभे लावले, एकही सुटला नाही.

केजनट
उभे लावले की कान वरखाली येतात. शेजारच्या भोकातल्या नटाला अडतात आणि वजन आलं की निसटू शकतात. रॅकवाल्यांच्या पुस्तिकांमध्येही आडवेच दाखवलेले आहेत.

पाचवामजला
तापमानही बघा. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस आहे. खोलीच्या भिंतीवर लावलेल्या थर्मामीटरवर जाऊ नका, सर्व्हरच्या पुढे मोजा.

निळीवायर
तापमान ठीक आहे.
केजनट, बरोबर! मागची उजवी बाजू एक भोक खाली होती. पण ती सोडवायला सर्व्हर काढावा लागणार आणि रॅकचं तर तेच दुखणं आहे.
रात्रपाळी, घ्या: उघडी चौकट, खाली चाकं, चाकांना ब्रेक लावले होते. सगळ्यात वर यूपीएस, कारण मागे एकदा जमिनीवर पाणी आलं होतं. त्याखाली स्विच आणि पॅच पॅनल (नेटवर्कच्या वायरी जोडायची पट्टी). मध्ये नवा सर्व्हर, त्याला लागून जुना. खाली रिकामं. जुना सर्व्हर तेव्हा बाहेरच होता, त्याच्या डिस्क काढत होतो.

रात्रपाळी
दोन्ही एकाच वेळी बाहेर! हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं.
ढोबळ हिशोब करू. चौकट कलते तेव्हा पुढची चाकं टेकू होतात. चौकट ४० किलोची धरली आणि तिचा भार टेकूच्या ३० सेंमी मागे, तर किलो गुणिले सेंमी १२००. यूपीएस ३० किलो, २० सेंमी मागे, ६००. मागे खेचणारं एकूण १८००. आता २८ किलोचा एक सर्व्हर पूर्ण बाहेर, त्याचा भार टेकूच्या ४० सेंमी पुढे: ११२०. दोन बाहेर आले की २२४०. एकाला रॅक तोलून धरतो, दोघांना नाही. आणि एकदा कलायला लागला की वरचं यूपीएससुद्धा पुढे झुकतं, मग मागे खेचायला काहीच उरत नाही. स्विच वगैरे मी धरलेलं नाही, पण त्याने चित्र बदलत नाही.
चाकाचा ब्रेक फक्त सरकणं थांबवतो, कलणं नाही.
मागे वजन बांधू नका. तुमच्याकडे ३० किलोचं वजन आहेच, ते चुकीच्या जागी आहे.

निळीवायर
यूपीएस तळाला ठेवलं आणि परत पाणी आलं तर?

रात्रपाळी
अगदी तळाला नको. खालचे तीन यू रिकामे सोडा, तेवढ्यात साधारण १३ सेंमी मिळतात, शिवाय चाकांची उंची. यूपीएस चौथ्या यूपासून, त्यावर जुना सर्व्हर, मग नवा, हलकं सगळं वर.
क्रम मात्र पाळा. आधी चौकटीचे चारही लेव्हलिंगचे (चौकट समतल करायचे) पाय खाली फिरवून भार चाकांवरून पायांवर घ्या. पुढे सरकवायचा स्टॅबिलायझर पाय असेल तर तो बाहेर काढा. नसेल तर चौकट जमिनीला बोल्टने आवळा. दोन्ही सर्व्हर आत ढकललेले. सगळं रीतसर बंद करून वायरी काढा आणि मग सर्वांत आधी यूपीएस वरून उतरवा. पुढचं झाकण उघडून बॅटऱ्या आधी वेगळ्या करा, निम्मंअधिक वजन तिथेच असतं. त्यानंतर एका वेळी एकच सर्व्हर.
सर्व्हर उचलण्याआधी डिस्क आणि पॉवर सप्लाय काढा, कोणती डिस्क कुठल्या खणातली ते चिकटपट्टीवर लिहा. मागच्या पॉवर सप्लायच्या मुठीला धरून उचलू नका, त्या उचलण्यासाठी नाहीत. दोघांनी तळाला हात घालून उचला, तिसरा रेलचे खटके बघायला.

जुनाजाणता
क्रम चांगला दिला आहे, अनुमोदन. तिसरा माणूस खरंच हवा. माझं बोट एकदा खटक्यात सापडलंय, दोघंच होतो, हात सोडता येईना.

सदाफुली
डिस्कवर खुणा करण्याआधी बॅकअप घेतला आहे ना?

निळीवायर
बॅकअप आहे, शुक्रवारी परत आणून तपासला.
सोमवार पहाट. झालं. तिसऱ्याला बोलावलं. पाय गंजून अडकले होते, त्यातच तासभर गेला. यूपीएस चौथ्या यूवर आहे, नवा सर्व्हर पूर्ण बाहेर काढला तरी चौकट हलत नाही. घासणंही थांबलं.
एक शंका. चौकटीला वेगळी हिरवी वायर कुठेच नाही. सर्व्हरच्या पिनमधून अर्थिंग येतं ना?

केजनट
त्यावर भिस्त ठेवू नका. पिन काढली की चौकटीचं अर्थिंगही गेलं. प्रत्येक उपकरणाची थोडी वीजगळती चौकटीत उतरते, ती बेरजेने वाढते. चौकटीला स्वतंत्र वायर हवी, खोलीच्या अर्थिंगपर्यंत, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. जोड रंगावर येऊ देऊ नका, रंग वीज अडवतो. तिथे दातेरी वॉशर लावायला सांगा.

निळीवायर
आजच बोलावतो. तोवर चौकटीला "हात लावू नये" असा कागद चिकटवलाय.